बरोबर सर

मला शिकवायचा कंटाळा आला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी मोठ्या तळमळीनं काही करायला गेलो आणि नशिबानं घात केला. तसं काही झालं नाही. मी कंटाळलो होतो, आणि कंटाळलेल्या माणसाला नवीन पद्धत फार लवकर पटते.

धाराशिवच्या एका कॉलेजात मी तासिकेवर राज्यशास्त्र शिकवतो. तासिकेवर म्हणजे जितके तास घ्याल तेवढा वेळ तुम्ही प्राध्यापक, बाकीच्या वेळी कुणीच नाही. त्याच कॉलेजात दूरशिक्षणाचं केंद्र आहे. नोकरी, शेती, संसार सांभाळून बी.ए. करणारी मोठी माणसं तिथं रविवारी येतात. पक्के प्राध्यापक रविवारी यायला तयार नसतात, म्हणून मी. वर्ग भरायचा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, कारण रविवारी शिपाई किल्ली फक्त तिथलीच ठेवून जायचा. नळ, बेसिन आणि उंच स्टुलं यांच्या मधे बसून आम्ही राज्यघटना शिकायचो. कुणाचा तरी कोपर लागून नळ सुटायचा आणि मूलभूत हक्क तिथंच थांबायचे.

शिकवायचो म्हणजे मी बोलायचो आणि ते लिहून घ्यायचे. मी खोकलो तर तेवढीच मान वर व्हायची. पुस्तकं विद्यापीठाकडून घरपोच मिळायची, पण ती उघडायची गरज कुणाला वाटायची नाही, कारण पुस्तकापेक्षा सर मोठे. "सर, तुमी सांगा, आमी लिवतो," असं मला ढोकीच्या साखर कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावर काम करणारा एक जण दर रविवारी म्हणायचा. त्यात आळस नव्हता. त्याला खरंच वाटायचं की शिकणं म्हणजे हेच.

या वर्गात दोघंजण एकाच घरातले होते. एक बेंबळीच्या पुढच्या एका गावचे उपसरपंच. पन्नाशीला आलेले, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पुढं जिल्हा परिषदेला उभं राहायचं तर नावापुढं बी.ए. पाहिजे म्हणून आलेले. माणूस मोकळा, हसरा, सगळ्यांना चहा पाजणारा. दुसरी त्यांची धाकटी भावजय. ती गावातल्या अंगणवाडीत सेविका होती. मी तिला ताई म्हणायचो. उपसरपंच मोटारसायकलवर यायचे आणि ताई एसटीनं. दोघं एका घरातून एकाच वेळी निघायचे, एकाच वर्गात यायचे, पण भावजयीनं थोरल्या दिराच्या गाडीवर मागं बसायचं नसतं. वर्गात ते पहिल्या स्टुलावर, ताई शेवटच्या बेसिनपाशी, पदर कपाळापर्यंत. मी काही विचारलं तर ताई खाली बघायची. मात्र ज्या रविवारी उपसरपंचांना कुठं लग्न असायचं किंवा बैठक असायची, त्या रविवारी पदर खांद्यावर यायचा आणि मग तिला आवरणं मुश्किल व्हायचं. इतके प्रश्न, की मला घरी जाऊन पुस्तक बघावं लागायचं. मला ते आवडायचं, आणि थोडा रागही यायचा.

ताईचं एक गणित होतं, ते वर्गात सगळ्यांना माहीत होतं. अंगणवाडी सेविकांमधून पर्यवेक्षिका निवडतात, त्यासाठी पदवी लागते आणि वयाची अट असते. पुढची निवड निघेल तेव्हा ताई अटीच्या अगदी काठावर असणार होती. म्हणजे हे तिसरं वर्ष एका झटक्यात सुटलं तर ठीक, नाहीतर संपलं. "मंग म्हातारी होईस्तवर खिचडीच शिजिवते," ती हसून म्हणाली होती. त्या रविवारी दीर आले नव्हते.

तर विद्यापीठानं एक प्रशिक्षण ठेवलं. विद्यार्थ्यानं स्वतः शिकायचं, आपण बाजूला उभं राहायचं, आणि त्यासाठी ऑनलाइन चर्चामंच वापरायचा, असा त्याचा सारांश. मंच म्हणजे विद्यापीठाच्या पोर्टलवरचं एक पान. तिथं मी विषय टाकायचा आणि विद्यार्थ्यांनी त्याखाली आपापलं म्हणणं लिहायचं, एकमेकांना खोडायचं, पुस्तकातून पुरावे आणायचे. मी हुरळूनच गेलो. एक तर मला कमी बोलावं लागणार होतं. दुसरं म्हणजे मला वाटलं, फोनवर पदर नसतो. तिथं पुढचं स्टूल नाही, मागचं बेसिन नाही. ताई तिथं बोलेल. हे मी खरंच मनाशी म्हटलं होतं, आणि आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली दोन वाजवाव्याशा वाटतात.

सगळ्यांच्या फोनमध्ये मी मंच सुरू करून दिला. पहिला विषय टाकला: तुमच्या गावात लोकशाही आहे का? संध्याकाळपर्यंत खाली रांग लागली. हजर सर. हजर सर. उपस्थित सर. मी लिहिलं, ही हजेरी नाही, तुमचं मत लिहा. खाली आलं, ओके सर. मग शुभ सकाळ, फुलांची चित्रं, हात जोडलेले. एकानं गावच्या यात्रेचं निमंत्रण टाकलं. सहकाऱ्यांना मी सांगायचो की खेड्यात रेंजची अडचण आहे, म्हणून चर्चा होत नाही. हे मी पुष्कळ ठिकाणी सांगितलं, लेखी सुद्धा दिलं. खोटं होतं. रेंज उत्तम होती. हात जोडलेली चित्रं सेकंदात पोचत होती.

मग मला प्रशिक्षणातली एक युक्ती आठवली. चर्चा पेटत नसेल तर शिक्षकानं मुद्दाम एक चुकीचं विधान टाकायचं. विद्यार्थी तुटून पडतात, पुस्तकं उघडतात, आणि शिकतात. शहरातल्या पोरांवर हे चालत असेल. मी आमच्यावर चालवायला घेतलं.

पंचायत राज हा धडा चालू होता. परीक्षेला त्यातून एक मोठा प्रश्न ठरलेला. मी बराच वेळ घासूनपुसून एक वाक्य तयार केलं आणि मंचावर टाकलं: "ग्रामसभा ही केवळ सल्ला देणारी सभा असून गावाच्या कारभाराचे सर्व अंतिम अधिकार सरपंचाकडे असतात." खाली लिहिलं, यावर चर्चा करा. पुस्तकात याच्या बरोबर उलट होतं. ग्रामसभेला काय काय अधिकार आहेत, याची दोन पानं होती. मला वाटलं, आता बघा कसे उठतात.

पहिलं उत्तर उपसरपंचांचं आलं. बरोबर सर. त्यांच्या मागोमाग काट्यावरचा. एकदम बरोबर सर. मग एकामागून एक. बरोबर सर, सहमत सर, छान माहिती दिलीत सर, धन्यवाद सर. एकानं वाक्य वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून, खाली दोन रेघा ओढून, त्याचा फोटो टाकला. खरं तर त्यांचंही काय चुकलं? गावात त्यांनी हेच पाहिलेलं. ग्रामसभेचं रजिस्टर सह्यांना घरोघर फिरतं, आणि कारभार सरपंचाच्या ओसरीत होतो. माझं वाक्य कायद्याला खोटं होतं आणि गावाला खरं. हे वाक्य निवडताना मला एवढंही सुचलं नाही, आणि म्हणे मी राज्यशास्त्राचा माणूस.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर ताईचा निरोप आला. मंचावर नाही, माझ्या नंबरवर. अंगणवाडीतली पोरं जेवून निजली की तिला तासभर मिळायचा, तेव्हा ती अभ्यास करायची. निरोप लांब होता. "सर राग मानू नका. पुस्तकात ग्रामसभेचं वेगळं दिलंय. मी दोनदा वाचलं. आमच्या गावात मोठ्या ग्रामसभेच्या आदी बायकांची ग्रामसभा घ्यावी लागते, म्या सोता बायका गोळा करते. तिथं ठराव होतो. मंग नुसता सल्ला कसा? का कायदा बदलला? मला परीक्षेला काय लिवायचं ते सांगा."

मी खुर्चीतून उठलो. खरंच उठलो. इतक्या वर्षांत एका विद्यार्थ्यानं पुस्तक उघडून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्याच्याशेजारी ठेवून मला प्रश्न विचारला होता. हेच तर पाहिजे होतं. मी लगेच उत्तर लिहिलं, "उत्तम! हेच मंचावर लिहा. चर्चा तिथं व्हायला हवी."

ती म्हणाली, "तिथं नको सर. आमचे थोरले दीर हायत तिथं. त्यांनी बरोबर म्हणलंय."

यावर मी जे लिहिलं ते मला तोंडपाठ आहे. मी लिहिलं, "विद्यापीठात दीर-भावजय नसतात, फक्त विद्यार्थी असतात." वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा वाचलं. ताईचं उत्तर आलं, "व्हय सर."

"ताई, तुमचं बरोबर आहे." एवढंच लिहायचं होतं. चार शब्द. तिनं सरळ विचारलं होतं, परीक्षेला काय लिहू, आणि मी सांगितलं नाही. का, तर उत्तर सांगितलं की पद्धत मोडते. विद्यार्थ्यानं स्वतः पोचायचं असतं. ती पोचली होती, हे मात्र मी तिला कळू दिलं नाही. मी वाट बघत बसलो की ती मंचावर येईल, दिराच्या 'बरोबर सर'खाली लिहील की नाही, हे चूक आहे. वर्गात शेवटच्या बेसिनपाशी बसणारी ती बाई.

आणि हे मला कळायला हवं होतं, माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच नाही. मी परंड्याचा. चौथीत असताना मास्तरांनी फळ्यावर भागाकार चुकवला आणि मी उभा राहून सांगितलं. मास्तर भले होते, त्यांनी फळा पुसला आणि शाबास म्हणाले. पण ही गोष्ट संध्याकाळी घरी पोचली. वडिलांनी कान धरून मला मास्तरांच्या घरी नेलं. "मास्तरला खोटं पाडतो व्हय रं?" असं म्हणत त्यांनी मला पाया पडायला लावलं. मास्तर ओशाळून, असू द्या, पोराचं बरोबर होतं, म्हणत होते. वडील म्हणाले, "बरोबर असंल सर. पण चार पोरांत बोलायचं नसतंय." त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी कुठल्याही वर्गात हात वर केला नाही. असा मी ताईला सांगत होतो, मंचावर लिहा.

ती लिहिणार नव्हतीच. आणि मी तो विषय बंदही केला नाही. कारण फार लाजिरवाणं आहे. सगळ्या केंद्रांमध्ये सर्वाधिक प्रतिसाद माझ्या त्या एका विषयाला आले होते. विद्यापीठातून फोन आला, प्राचार्य खूश झाले, आणि मला पुढच्या प्रशिक्षणात बोलायला बोलावलं. तिथं मी पडद्यावर ते पान दाखवलं. खालचे 'बरोबर सर' सरकवत सरकवत मी उत्साही सहभागाबद्दल बोललो. कुणीही ते वाचलं नाही. टाळ्या पडल्या. अशी प्रतिष्ठा मिळालेलं पान मी कशाला मिटवू? खुलासा परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या रविवारी करू, असं मी ठरवलं. सगळ्यांसमोर, थोडं नाट्य करून. तो शेवटचा रविवार दुसऱ्या कुठल्या तरी स्पर्धा परीक्षेसाठी कॉलेजानं देऊन टाकला, आणि आमचा वर्ग झालाच नाही. मंचावर एक ओळ टाकायला मला मिनिटसुद्धा लागलं नसतं. मी विसरलो.

परीक्षेत प्रश्न आला: ग्रामसभेचे अधिकार व कार्ये स्पष्ट करा.

निकाल लागला तेव्हा आमच्या केंद्राच्या सगळ्यांच्या नावापुढं 'राखीव' असं लिहून आलं. मागून पत्र आलं. एका केंद्रावरच्या सर्व उत्तरपत्रिकांत एकच चुकीचं वाक्य, शब्दाला शब्द, एकाही कान्यामात्रेचा फरक न होता सापडलं होतं. परीक्षकाला वाटलं की पेपर चालू असताना वर्गात कुणीतरी उत्तर सांगितलं. दुसरं काय वाटणार? मलाही तसंच वाटलं असतं.

प्राचार्यांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "सर, तुम्ही तासिकेवर आहात. खुलासा जरा जपून लिहा."

मी जपून लिहिला. "सदर विधान चर्चेस चालना देण्याच्या हेतूने मांडले होते. विद्यार्थ्यांनी त्याची शहानिशा न करता शब्दशः वापर केला." यात वरवर बघता एक अक्षर खोटं नाही. पण ज्यानं वाचलं त्याला एवढंच कळलं की सरांनी पद्धतशीर काम केलं होतं आणि विद्यार्थी निघाले ठोंबे. ताईनं शहानिशा केली होती, माझ्याकडेच केली होती, आणि तो निरोप माझ्या फोनमध्ये होता. मी तो जोडला नाही. जोडला असता तर कुणीतरी विचारलं असतं की मग तुम्ही तिला काय उत्तर दिलं.

विद्यार्थ्यांकडूनही लेखी म्हणणं मागवलं. ते मी नंतर विद्यापीठाच्या चौकशी समितीच्या फायलीत वाचलं. प्रत्येकानं लिहिलं होतं, "सरांनी शिकविल्याप्रमाणे लिहिले. यात सरांचा काहीही दोष नाही." प्रत्येकानं, याच शब्दांत. मजकूर उपसरपंचांनी तयार करून सगळ्यांना पाठवला होता, मला वाचवायला. समितीनं त्याच्यावर लाल शाईनं शेरा मारला: हेही एकसारखेच. हसावं की रडावं कळेना. मी थोडा हसलो, मग फाईल पुढं उलटली.

पुढं उत्तरपत्रिकांच्या प्रती होत्या. ताईची मी अक्षरावरून ओळखली. अंगणवाडीच्या नोंदी करून करून तिचं अक्षर चौकोनी झालेलं. त्या प्रश्नाखाली तिनं आधी पूर्ण दीड पान उत्तर लिहिलं होतं. ग्रामसभेचे अधिकार, लाभार्थ्यांची निवड, खर्चाला मंजुरी, आणि त्याखाली तिच्या स्वतःच्या गावातल्या बायकांच्या ग्रामसभेचं उदाहरण. मी इतकी वर्षं पेपर तपासतोय, या प्रश्नाला इतकं चांगलं उत्तर मी पाहिलेलं नाही. ते दीड पान तिनं पट्टी लावून, एकेक ओळ, स्वच्छ खोडलं होतं. आणि खाली नवीन परिच्छेदात माझं वाक्य.

मी समितीतल्या एका गृहस्थांना म्हणालो, खोडलेलं उत्तर तपासता येईल का? बरोबर आहे ते. ते समजुतीनं म्हणाले, "सर, खोडलेलं तपासत नाहीत, तुम्हाला माहीत आहे." मला माहीत होतं.

नंतरचे दोन महिने मी विद्यापीठात फेऱ्या मारल्या. निदान तिचा निकाल तरी वेगळा काढा म्हणून सांगत फिरलो. प्रत्येक टेबलावर माणसं बरी होती, आणि प्रत्येक टेबलावर प्रकरण सामूहिक होतं. सामूहिकातून एकाला वेगळं काढायचं तर सगळं पुन्हा उघडावं लागेल, म्हणाले. ताई मधून मधून फोन करायची. "कळलं का काई सर?" मी म्हणायचो, होईल ताई, या आठवड्यात. पर्यवेक्षिकांच्या निवडीची जाहिरात निघाली. तिला अर्जाला गुणपत्रिका पाहिजे होती. शेवटच्या तारखेला तिनं फोन केला नाही. मी दिवसभर फोन हातात घेऊन होतो, आणि तो वाजला नाही याचं मला बरंही वाटलं.

त्यानंतर महिन्याभरानं निर्णय आला. तो पेपर सगळ्यांचा रद्द, पुढच्या सत्रात पुन्हा द्यायचा. बाकीच्यांना फारसा फरक पडला नाही. उपसरपंच म्हणाले, "चालायचंच सर, निवडणूक अजून लांब हाय." आणि चहा मागवला. ताईची वयाची अट तोवर उलटून गेली होती.

ती एका रविवारी आली. वर्ग सुटल्यावर, सगळे गेल्याचं बघून. उपसरपंच त्या दिवशी आले नव्हते, तरी पदर कपाळापर्यंत होता. मूळ कागदपत्रं केंद्रात जमा होती, ती तिला परत पाहिजे होती. पुन्हा परीक्षा देणार नाही, म्हणाली. मी कपाटातून तिची फाईल काढून दिली. ती फाईल उघडून एकेक कागद बघत उभी राहिली. मग खालीच बघत म्हणाली, "सर, एक इचारू? रागावू नका."

"विचारा."

"म्या तुमाला उलट बोलले व्हते. फोनवर. पुस्तकात वेगळं हाय म्हणून. त्याच्यामुळं तर न्हाय ना झालं हे?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते आहे. मग कळलं. इतके महिने ती हे घेऊन फिरत होती. तिला वाटत होतं की तिनं सरांना प्रश्न विचारला, सर रागावले, म्हणून सरांनी त्या दिवशी धड उत्तर दिलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातून निघालं.

"मग पेपरात खोडलंत का?" मी विचारलं. "बरोबर लिहिलं होतं तुम्ही. दीड पान."

"लिवताना लिवलं सर. मंग वाटलं, एकदा उलट बोलले ती बोलले, आता पेपरात बी सरांच्या उलट कशाला? तुमी मोठे. तुमाला जास्त कळतंय. म्हून खोडलं."

मग मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ते वाक्य मी मुद्दाम चुकीचं टाकलं होतं. तुमचा निरोप वाचून मी आनंदानं उठून उभा राहिलो होतो. मी रागावलो नव्हतो, मला फुशारकी चढली होती. तुमचं बरोबर आहे एवढं मी लिहायला पाहिजे होतं आणि मी लिहिलं नाही. खुलाशात मी तुमचा निरोप लपवला. तुमचं काही चुकलं नाही, एक अक्षर चुकलं नाही. चूक माझी, सगळी माझी. बोलता बोलता माझा आवाज चढला. मला तिनं चिडावं असं वाटत होतं. शिव्या द्याव्यात, फाईल तोंडावर मारावी. तिनं एकदा जरी म्हटलं असतं की सर तुम्ही माझं वाटोळं केलंत, तर मी तिचे पाय धरले असते.

ती शांतपणे ऐकत होती. वर्गात ऐकायची तशीच, मान खाली घालून. माझं संपल्यावर तिनं कागद फाईलीत घातले, दोरी बांधली, पदर सारखा केला.

"बरोबर सर," ती म्हणाली, आणि बेंबळीची एसटी गाठायला निघून गेली.